जुन्या पिकअपला पुढचं आयएफएस किट निवडताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात जुनी पिकअप म्हणजे कुणाच्या आजोबांनी घेतलेली फार्गो किंवा डॉज, कुणाची शेवरले, कुणाची महिंद्रा एफसी आणि बहुतेकांची मागे हौदा जोडलेली जीप. या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांकडून धुळे, जळगाव, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या कंपनीचं किट घेऊ?’ तो प्रश्न खरं तर शेवटचा. आयएफएस किट म्हणजे पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे झुलवणारी तयार मांडणी (इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन). ते गाडीच्या मापावरून आणि वजनावरून ठरतं, त्यामुळे घाई असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. आयएफएस म्हणजे नेमकं काय? माझ्या गाडीला आत्ता काय आहे हे कसं ओळखू?

गाडीखाली वाकून पाहा. एका पुढच्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी अ‍ॅक्सल गेलेला असेल आणि तो पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला असेल, तर तुमच्याकडे जुन्या पद्धतीचा सरळ अ‍ॅक्सल आहे. त्यात डावं चाक खड्ड्यात गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि उजवं चाकही कलतं. आयएफएसमध्ये प्रत्येक चाक आपापल्या वरच्या-खालच्या आर्मवर झुलतं, म्हणून एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जात नाही.

अमेरिकन पिकअपमध्ये शेवरलेने १९६० मध्ये टॉर्शन बारचं (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी लांब सळई असलेलं) आयएफएस आणलं आणि १९६३ मध्ये कॉइल स्प्रिंग दिली. फोर्डने १९६५ पासून दोन तुकड्यांचा आय-बीम वापरला. त्यामुळे ‘जुनी आहे म्हणजे सरळ अ‍ॅक्सलच असणार’ असं धरू नका. आपल्याकडे सुमो, क्वालिस आणि सुरुवातीची स्कॉर्पिओ यांच्या पुढे टॉर्शन बारचं आयएफएस होतं. शेजारच्या गॅरेजात त्यातली एखादी उभी असेल तर खाली डोकावून फरक बघून घ्या.

२. गाडी रस्त्यावर भटकते, स्टेअरिंग सरळ राहत नाही. किट टाकलं की थांबेल ना?

थांबेल, पण दहातल्या आठ जणांना किटची गरज नसते असं माझं मत आहे. भटकण्याचं कारण बहुधा झिजलेला किंगपिन (चाक ज्याच्याभोवती वळतं ती उभी खीळ), सैल टाय रॉड एंड, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) खाल्लेले बुश किंवा स्टेअरिंग बॉक्समधला प्ले (ढिलेपणा) असतं.

तपासणी घरी होते. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. हलत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही हलत राहिलं तर किंगपिनचा. किंगपिन आणि बुश बदलणं, बुश रीमरने मापात आणणं हे काम आपल्याकडच्या लेथवर नीट होतं.

दुसरी गोष्ट पाट्यांची. माल जास्त घेता यावा म्हणून मागच्या मालकाने पुढेसुद्धा एखाद-दोन जास्तीचे पाटे घातलेले असतात. मग गाडी रिकामी असताना लाकडासारखी उडते आणि दोष अ‍ॅक्सलला लागतो. जास्तीचे पाटे काढा, उरलेले घासून ग्रीस लावा, शॉकअप नवे घाला. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर (चाक वळण्याच्या उभ्या रेषेचा मागे झुकलेला कोन) थोडा वाढवला की बऱ्याच गाड्या सरळ चालायला लागतात. एवढं करूनही मुंबई-आग्रा रस्त्यावर ताशी ८०-९० ने निवांत जायचं असेल, तर मग किटचा विचार रास्त आहे.

३. सगळे ‘मस्टँग टू’ किट म्हणतात. मस्टँगचा आणि माझ्या पिकअपचा काय संबंध?

फोर्डची मस्टँग टू ही गाडी १९७४ ते १९७८ या काळात बनली. तिची पुढची मांडणी आटोपशीर होती: लहान-मोठ्या लांबीचे दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलच्या रेषेच्या पुढे रॅक अँड पिनियन स्टेअरिंग. हे सगळं एका क्रॉसमेंबरभोवती (चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्याभोवती) गोळा करता येत असल्याने जुन्या पिकअपच्या चेसिसमध्ये बसवायला सोपं गेलं आणि बाजारात त्याच्या नकला आल्या. आज ‘मस्टँग टू’ म्हणून मिळणाऱ्या किटमध्ये त्या मूळ गाडीचा एकही तुकडा नसतो, फक्त मांडणी तिची असते. दोन हबमधलं प्रमाण माप ५६.५ इंच, चाकाचे ५ बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर.

एक बारकावा विकणारे सांगत नाहीत. मूळ गाडीत खालचा आर्म अरुंद होता, चेसिसला एकाच बोल्टवर टेकलेला. ब्रेक मारल्यावर चाक मागे ढकललं जाऊ नये म्हणून तिथून एक तिरकी सळई चेसिसला गेलेली होती. चांगल्या किटमध्ये ही सळई काढताना खालचा आर्म रुंद करून त्याला दोन ठिकाणी आधार देतात. स्वस्त किटमध्ये सळई गायब आणि आर्म तसाच अरुंद. असं किट फोटोतच ओळखता येतं. कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

४. किट मागवण्याआधी कोणती मापं घेऊ?

जुना अ‍ॅक्सल काढायच्या आधी घ्या. काढल्यावर हळहळ करणाऱ्यांचे निरोप मला सर्वांत जास्त येतात.

पहिलं, चाकाचा मध्य चेसिसवर कुठे येतो त्याची खूण. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये बरोबर हवा, आणि ओळंबा सोडून दोन्ही बाजूंना पंचने ठोसा मारा. खडूची खूण ग्राइंडिंगमध्ये पुसली जाते. ही रेषा चुकली की चाक मडगार्डच्या कमानीत पुढे-मागे दिसतं आणि मग काहीही केलं तरी गाडी वेंधळी वाटते.

दुसरं, हबपासून हबपर्यंतचं अंतर आणि मडगार्डच्या आतल्या कडांमधलं अंतर. नव्या डिस्क ब्रेकमुळे चाक बाहेर सरकतं, म्हणून किटवाल्याला ‘तुमच्या डिस्कसकट चाक टेकतं त्या दोन पृष्ठभागांमधलं अंतर किती?’ असंच विचारा. नुसतं ‘ट्रॅक किती?’ विचारलं तर प्रत्येक जण वेगळं माप सांगतो.

तिसरं, त्या रेषेवर चेसिसची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी, चेसिसच्या लांब बाजूच्या पट्टीची उंची आणि जाडी. जुनी चेसिस पुढे निमुळती होते, म्हणून रेषेच्या पुढे आणि मागेही एकेक फुटावर मोजा. भारतात जुळवलेली फार्गो किंवा डॉज अमेरिकन यादीतल्या त्याच वर्षाच्या मॉडेलशी तंतोतंत जुळेल असं मानू नका.

चौथं म्हणजे वजन, आणि इथे आपलं नशीब चांगलं. जिनिंग असो की केळीचा फड, वजनकाटा जवळ असतोच. पेट्रोल-पाणी भरून, पुढे दोन माणसं बसवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. तो आकडा किटवाल्याला द्या. ‘इंजिन सहा सिलिंडरचं आहे’ एवढ्यावर स्प्रिंग ठरवणारा विक्रेता अंदाजे माल खपवतो आहे. मूळ इंजिन काढून त्या जागी दुसरं डिझेल टाकायचं असेल तर ते आधी टाका आणि नंतर काट्यावर जा.

५. भाऊ, मनी जीपले हाई किट बसी का?

मागच्या चाकांवर चालणारी असो वा फोर बाय फोर, उत्तर बहुधा नाहीच. सीजे थ्रीबी पद्धतीच्या जीपचं चाकांमधलं माप सुमारे ४८.२५ इंच, मस्टँग टू किटचं ५६.५ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार इंचांहून जास्त चाक बाहेर येणार. अरुंद आर्म मिळतात, पण एवढे अरुंद केले की चाकाची चाल आणि वळण दोन्ही बिघडतात.

फोर बाय फोरमध्ये तर प्रश्नच मिटतो. या किटमध्ये पुढच्या डिफरन्शिअलला आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला जागाच नसते. २०१० च्या थारमध्ये आयएफएस आणि फोर बाय फोर एकत्र होतं, पण तिथे डिफरन्शिअल चेसिसला बांधलेलं आणि दोन्हीकडे सीव्ही जॉइंटचे शाफ्ट, म्हणजे सगळी रचनाच वेगळी. तुमच्या जीपसाठी प्रश्न २ मधलं काम करा. सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत पाट्यांची जीप अजूनही उत्तम चालते.

६. माझं स्टेअरिंग उजवीकडे आहे. अमेरिकन किट चालेल का?

क्रॉसमेंबर, आर्म, स्प्रिंग चालेल. रॅक चालणार नाही. अमेरिकन किटचा रॅक डाव्या हाताच्या गाडीसाठी असतो, त्याचा पिनियन डावीकडे. ‘रॅक उलटा करून लावू’ हा सल्ला फार फिरतो. पिनियन उजवीकडे यावा म्हणून रॅक पालथा घातला तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळतील. हसू नका, असं जोडून झाल्यावर विचारणारे आहेत.

म्हणून मागणी नोंदवतानाच उजव्या हाताचा रॅक लेखी मागा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच उजव्या हाताच्या असल्याने तिकडे असे रॅक मिळतात. रॅक मिळाल्यावर स्टेअरिंगचा दांडा इंजिनच्या एक्झॉस्टजवळून जातो का ते पाहा. आपल्या बऱ्याच जुन्या इंजिनांत नेमकी तीच बाजू गरम असते.

७. किट बाहेरून मागवण्यापेक्षा सुमो, क्वालिस किंवा स्कॉर्पिओचा पुढचा भाग कापून लावला तर?

मोठा फायदा एकच, पण तो खरंच मोठा आहे. बॉल जॉइंट, बुश, ब्रेक पॅड जळगाव-धुळ्यात कुठल्याही स्पेअरच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात, आणि स्टेअरिंगही उजव्या हाताचं. बाहेरच्या किटचा एक बुश फाटला तर गाडी पार्सलची वाट बघत उभी.

अडचण टॉर्शन बारची. ती लांब सळई आर्मपासून मागे जाऊन चेसिसच्या आडव्या पट्टीत अडकते, म्हणजे त्या पट्टीसकट सगळं उचलावं लागतं. सुटे आर्म आणून आपल्या अंदाजाने ब्रॅकेट वेल्ड करणं हा सर्वांत वाईट मार्ग. आर्मच्या टेकूंची एकमेकांपासूनची अंतरं मिलिमीटरभर हलली तरी चाकाचा कल बदलतो (प्रश्न १३ मधला त्रास बहुधा इथूनच येतो). घ्यायचंच तर चेसिसच्या तुकड्यासकट अखंड घ्या, आणि अपघातात वाकलेल्या गाडीचं घेऊ नका. कर्णरेषेत दोन्हीकडून मोजून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि तुमच्या स्वतःच्या चेसिसवर जिथे नंबर ठोकलेला आहे तो भाग कापू नका. कागदोपत्री पुढचं सगळं तिथेच अडतं (प्रश्न १०).

८. कॉइल स्प्रिंग, कॉइलओव्हर की एअर बॅग?

साधी कॉइल आणि वेगळा शॉकअप. कॉइलओव्हरमध्ये (शॉकअपवरच चढवलेल्या कॉइलमध्ये) उंची फिरवून बदलता येते, पण मस्टँग टूच्या मांडणीत गाडीचं वजन कॉइलच्या बुरजावर येतं. कॉइलओव्हर लावला की तेच वजन शॉकअपच्या बोल्टवर येतं. किट मुळातच त्यासाठी बनवलेलं असेल तरच घ्या. एअर बॅग (स्प्रिंगच्या जागी हवेची पिशवी) प्रदर्शनात छान दिसते, पण आपल्याकडच्या धुळीत आणि बाभळीच्या काट्यांत नळ्या-कॉम्प्रेसर सांभाळत बसायचं असेल तर तुमची मर्जी.

९. वेल्डिंगचं किट घेऊ की बोल्टचं? गावातला वेल्डर करेल का?

तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बोल्टचं किट मिळत असेल तर ते घ्या. काढता येतं, आणि उद्या मूळ अ‍ॅक्सल परत बसवायचा झाला तर वाट मोकळी राहते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तसं किट मिळत नाही, म्हणून वेल्डिंग करावं लागतं.

ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डरचा हात पक्का असतो, वेल्ड तुटणार नाही. पण ट्रॉलीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, इथे चालत नाही. त्याला सोबत कोणीतरी मोजणारा लागतो. जुनी चेसिस उघड्या नालीसारखी असते. क्रॉसमेंबर बसवायच्या आधी तिची उघडी बाजू पाच मिलिमीटरच्या आसपास जाड पत्र्याने बंद करावी लागते, नाहीतर ब्रेकच्या धक्क्याने ती पिळवटते. आधी फक्त टाके मारा, ओळंबा आणि कर्ण पुन्हा मोजा, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत पूर्ण वेल्ड घ्या. एका बाजूने सलग ओढलं तर उष्णतेने चेसिस वाकते.

क्रॉसमेंबर टाकताना चेसिस जॅक स्टँडवर त्याच तिरपेपणात ठेवा ज्यात गाडी शेवटी उभी राहणार आहे. नाक खाली झुकवून गाडी चालवायची आणि किट मात्र सपाट चेसिसवर बसवायचं, यात कॅस्टर कमी होतो आणि तुम्ही प्रश्न २ वर परत येता.

१०. आरटीओत अडचण येईल का?

येऊ शकते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून कामाला हात लावण्याआधी आपल्या कार्यालयात, म्हणजे एमएच १८, १९ किंवा ३९ ज्या नंबरची गाडी असेल तिथे, लेखी विचारा. ‘एजंट बघून घेतो’ हे उत्तर विम्याच्या दाव्यात उपयोगी पडत नाही. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. खासगी आवारात किंवा प्रदर्शनापुरती गाडी ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

११. गाडी ५० वर्षांहून जुनी आहे. व्हिंटेज नोंदणी आणि किट, दोन्ही हवं.

दोन्ही एकत्र जमत नाही. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. चेसिसला क्रॉसमेंबर वेल्ड केलेली गाडी ‘मूळ रूपातली’ कशी म्हणायची? गाडीचं मोल तिच्या जुनेपणात असेल तर किट विसरा.

१२. किटबरोबर डिस्क ब्रेक येतात. मागचे ड्रम आणि जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवू का?

नको. जुन्या पिकअपचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन सर्किटचा घ्या. मास्टर पायाखाली फ्लोअरवर असेल तर तो कॅलिपरपेक्षा खाली येतो आणि तेल मागे ओसरतं, मग पहिल्या दाबाला पेडल पोकळ जातं. त्यासाठी डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा आणि ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखून ठेवणारा) लागतो. मूळ मस्टँग टूची डिस्क लहान होती. पिकअपसाठी ११ इंची डिस्क असलेलं किट मागा, आणि ती तुमच्या रिममध्ये फिरते का ते आधी बघा.

१३. किट बसवलं, आता खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप वळतं.

याला बंप स्टेअर म्हणतात. चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात म्हणून चाक वळतं. कारण रॅकची उंची चुकलेली किंवा रॅकची लांबी त्या क्रॉसमेंबरशी न जुळणारी, दुसऱ्या गाडीचा स्वस्तात मिळालेला रॅक घातला की हमखास. तपासायला स्प्रिंग काढा, आर्म जॅकने थोडा-थोडा उचला आणि दर इंचाला टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) किती बदलतो ते मोजा. दोन्ही बाजूंना सारखाच बदल येत असेल तर रॅकची उंची बघा. एकाच बाजूला येत असेल तर रॅक तिरका बसला आहे. स्टेअरिंग आर्म गॅसने तापवून वाकवू नका, कुणीही सांगितलं तरी.

१४. अलाइनमेंट किती ठेवायची?

किटच्या कागदावर असेल ती. कागद नसेल तर सुरुवातीला पॉवर स्टेअरिंगला कॅस्टर ३ ते ५ अंश, साध्या स्टेअरिंगला १ ते ३, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य ते उणे अर्धा अंश, टो-इन १.५ ते ३ मिलिमीटर. दुकानातल्या संगणकात तुमची गाडी नसेल, म्हणून आकडे लिहून न्या.

१५. रबरी बुश घेऊ की पॉलियुरेथेन?

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पावसाळ्यात काळी माती आर्मवर चिकटून वाळते. हलकं रबर त्यात लवकर चिरतं. पॉलियुरेथेन टिकतं पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं. ग्रीस निपल असलेले पॉली बुश मिळाले तर तेच घ्या. बॉल जॉइंटचं रबरी बूट मात्र दर सर्व्हिसला बोटाने चाचपा. ते फाटलं आणि आत माती गेली की जॉइंट एका हंगामात संपतो.

१६. गाडीत केळी, कापूस भरतो. चालेल का? बेडफर्ड, ४०७ ला मिळतं का असं किट?

बेडफर्ड, ४०७ यांसारख्या मालवाहू गाड्यांना नाही. ही किटं हलक्या पिकअपच्या पुढच्या वजनासाठी बनतात, त्या वर्गाला पुढे सरळ अ‍ॅक्सलच हवा. पिकअपमध्ये अधूनमधून माल नेत असाल तर वजन मागच्या अ‍ॅक्सलवर जातं, पुढच्या किटला फार फरक पडत नाही. मात्र मागे माल भरल्यावर नाक वर उठतं आणि पुढची अलाइनमेंट बदलते, म्हणून नेहमी माल नेणाऱ्यांनी भरलेल्या गाडीवर अलाइनमेंट करून घ्यावी.

१७. जुना अ‍ॅक्सल आणि पाटे भंगारात देऊ का?

नाही. यू-बोल्ट, शॅकल, किंगपिन, स्टेअरिंग बॉक्स सगळं एकत्र तेल लावून गोणपाटात बांधून ठेवा, आणि प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा लिहून ठेवा. कागदपत्रांनी किंवा पुढच्या गिऱ्हाइकाने मूळ रूप मागितलं तर हा ढीग किटपेक्षा महाग पडतो.